न्यूयॉर्कमध्ये डेली चांगली की डायनर? खाणं आणि सेवा, दोन्ही अंगांनी

प्रश्न : लेक न्यूयॉर्कला एम.एस. करते आहे. सप्टेंबरात आम्ही दोघं महिनाभर तिच्याकडे जातोय. तिथल्या डेली आणि डायनरबद्दल इतकी उलटसुलट मतं वाचली की काही उमजेनासं झालं. एक म्हणतो, कॅट्झ डेलीसारखं जगात काही नाही. दुसरा म्हणतो महाग, गर्दी, वर वाढपी उर्मट. तिसरा म्हणतो त्यापेक्षा कोपऱ्यावरचं डायनर बरं. खाणं आणि सेवा दोन्ही धरून खरं चांगलं कुठे? मी सगळं खातो. बायको शाकाहारी आहे, अंडं चालतं.

उत्तर :

ही तिन्ही मतं लिहिणारी माणसं खोटं बोलत नसणार. घोळ होतो तो दोन वेगळ्या प्रकारच्या दुकानांना एकच माप लावल्यामुळे. डेली म्हणजे मुख्यतः सॅंडविचचं दुकान, आणि डायनर म्हणजे नाश्त्यापासून जेवणापर्यंत सगळं देणारं साधं उपाहारगृह. मी दादरच्या कॅटरिंग कॉलेजात शिकले आणि गेली तेवीस वर्षं न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कच्या स्वयंपाकघरांत काम करते आहे. पहिली सहा वर्षं एका डायनरच्या तव्यावर होते, मग एका डेलीच्या मुदपाकखान्यात, आणि आता दोन्हींकडे नव्या माणसांना तयार करते. म्हणून आधी हे सांगते : डेलीत एकच पदार्थ बघायचा आणि तो हाताळणारा हात बघायचा. डायनरमध्ये दोन साधी अंडी बघायची आणि तुमच्या टेबलाकडे कुणाचं लक्ष आहे का ते बघायचं. सेवाही दोन्हीकडे निराळी असते, आणि असायलाच हवी.

मुळात ‘डेली’ या एका शब्दात न्यूयॉर्कमध्ये दोन-तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांची मांसाची डेली. दुसरं तिचंच भावंड, ज्याला इथे ‘ॲपेटायझिंग’ म्हणतात. तिथे मासे, क्रीम चीज, बेगल मिळतात, मांस अजिबात नाही. तिसरी कोपऱ्यावरची, रात्रभर उघडी असणारी, सिगारेट-दूध-लॉटरीबरोबर सॅंडविचही देणारी डेली, जिला बोडेगाही म्हणतात. इंटरनेटवरच्या निम्म्या भांडणांचं मूळ इथेच आहे. एकाच्या डोळ्यासमोर पहिली असते, दुसऱ्याच्या डोळ्यासमोर तिसरी.

पहिल्या दोन वेगळ्या का झाल्या, हे आपल्याला समजायला सोपं आहे. ज्यू धर्माच्या कोशर नियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायली हेच पाळत आले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मटणाच्या रश्शात त्यांनी दह्यादुधाऐवजी नारळाचं दूध घातलं. न्यूयॉर्कला नारळ नव्हता, तेव्हा तिथे दुकानंच वेगळी झाली : मांसाचं एक, दुधामाशांचं दुसरं. म्हणून कोशर डेलीत कॉफीत दूध मागितलंत आणि मिळालं नाही, तर तो उर्मटपणा नव्हे. सॅंडविचवर चीज मागितलंत आणि वाढप्यानं नकारार्थी मान हलवली, तर तेही तसंच. ‘साधं चीज देत नाहीत’ अशी तक्रार मी कितीदा वाचली आहे, आणि दर वेळी त्या वाढप्यासाठी जीव तुटला आहे.

आता कॅट्झ. ईस्ट हाउस्टन आणि लडलो रस्त्यांच्या कोपऱ्यावर, 1888 पासूनची म्हणवते. ती कोशर नाही, कोशर धाटणीची आहे, त्यामुळे चीज मिळतं. दारात शिरताना प्रत्येकाच्या हातात एक तिकीट देतात. तुम्ही काय घेतलंत ते त्यावर लिहिलं जातं, आणि बाहेर पडताना त्यावरून पैसे द्यायचे. तिकीट हरवलंत तर 50 डॉलरचा भुर्दंड आहे. दोघांचं खाणं एकाच तिकिटावर लिहून घेतलंत तरी दुसरं कोरं तिकीट जाताना परत द्यावंच लागतं. बरेच लोक ते टेबलावर टाकून येतात आणि दारात अडकतात. मग लिहितात, दारावरचा माणूस उद्धट होता.

भिंतीलगतच्या टेबलांवर वाढपी येतात. मधल्या टेबलांवर बसायचं तर काउंटरवरून आपणच आणायचं. तुम्ही पहिल्यांदा जाताय, तर काउंटरवरच जा. भिंतीजवळ बसलात की तिथली खरी सेवा तुमच्या नजरेला पडणारच नाही. ती सेवा म्हणजे मांस कापणारा माणूस. इथे त्याला ‘कटर’ म्हणतात.

पास्ट्रामी म्हणजे काय, ते थोडं सविस्तर सांगते, कारण पैसे कशाचे जातात ते त्यात आहे. गाईच्या पोटाकडचा चरबीदार भाग आधी मिठाच्या मसाल्यात बरेच दिवस मुरवतात. मग त्यावर भरडलेले धणे, काळे मिरे, लसूण चोळून धुरी देतात. धुरी दिलेला तुकडा थंड करून ठेवायचा, आणि विकायच्या दिवशी तो वाफेवर तासन्‌तास मऊ करायचा. कॉर्न्ड बीफ हे त्याचं धाकटं भावंड : छातीचा भाग, मुरवलेला आणि उकळलेला, पण त्याला धुरी नाही. एवढ्या सगळ्यात मांस चांगलंच आटतं. काउंटरवर येतो तो तुकडा मूळच्यापेक्षा पुष्कळ लहान असतो. कॅट्झमध्ये आज एका सॅंडविचला 25 डॉलरच्या वर मोजावे लागतात. ते महाग आहेच, मी नाही म्हणत नाही. पण तो आकडा हवेतून आलेला नाही.

वाफेवरून काढलेली पास्ट्रामी इतकी मऊ असते की यंत्रात घातली तर भुगा होतो. म्हणून ती हातानं, जाडसर, धाग्याच्या आडवी कापावी लागते. धाग्याच्या दिशेनं कापली तर तीच पास्ट्रामी चिवट लागते. प्रत्येक तुकड्यात धागा मधेच दिशा बदलतो. चांगल्या कटरला ते सुरीला कळतं आणि तो तुकडा फिरवतो. हे शिकायला मला सहा महिने लागले, आणि अजूनही मी माझ्या गुरूच्या निम्म्या वेगानं कापते. तेव्हा काउंटरवर उभे राहिलात की हातात फोन धरू नका, त्याची सुरी बघा. कॅट्झमध्ये कटर कापता कापता एक तुकडा बशीत घालून पुढे सरकवतो. तो खाऊन बघा आणि मग सांगा, ‘ज्यूसी’ हवं की ‘लीन’. लीन म्हणजे चरबी कमी. पहिल्यांदा ज्यूसीच घ्या, चव चरबीत आहे. टिपेच्या कपात एक-दोन डॉलर टाका. कटर फार बोलणार नाही, हसेलच असंही नाही. त्याच्यामागे वीस माणसांची रांग आहे आणि त्याच्या हातात दीड फुटी सुरी आहे. त्याचं लक्ष सुरीकडे असणं ही तुमच्यासाठीच केलेली सेवा आहे.

पाव राईचा, त्यात शहाजिऱ्यासारख्या वासाचं कॅरवे बी. वर फक्त मोहरीचा सॉस. मेयोनीज मागू नका. ती चरबीवर चरबी होते, आणि मोहरीचा तिखटपणा ज्यासाठी लावलेला असतो तेच हुकतं. बरोबर लोणच्याची बशी येते. ‘हाफ सावर’ आणि ‘फुल सावर’ काकड्या या व्हिनेगरच्या नाहीत, मिठाच्या पाण्यात आंबवलेल्या असतात. आपल्या खारवलेल्या कैऱ्यांची जात. कमी दिवस ठेवल्या तर हिरव्यागार आणि कुरकुरीत, जास्त ठेवल्या तर पिवळट आणि आंबट. डेली जोखायची माझी पहिली खूण हीच आहे : लोणच्याची काकडी पिचपिचीत असेल, तर मी पुढची ऑर्डर लहानच देते.

सेवेच्या बाबतीत मात्र माझी आवड सेकंड ॲव्हेन्यू डेली. एब लेबवोल यांनी ती 1954 मध्ये ईस्ट व्हिलेजात, सेकंड ॲव्हेन्यू आणि दहाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सुरू केली. 1996 मध्ये भर दिवसा, दुकानाचा गल्ला बँकेत भरायला जाताना त्यांचा खून झाला. तो कुणी केला, ते अजून कळलेलं नाही. भाड्याच्या वादात जानेवारी 2006 मध्ये ती जागा सुटली, आणि 2007 च्या अखेरीस घरच्यांनी ती पूर्व 33व्या रस्त्यावर पुन्हा उघडली. नाव मात्र सेकंड ॲव्हेन्यूच राहिलं. ही कोशर आहे. बसल्याबरोबर न मागता लोणची आणि कोबीचं सॅलड येतं, आणि शेवटी छोट्या पेल्यात चॉकलेट सोडा. कॅट्झमध्ये पास्ट्रामीचा धूर नाकात जास्त भरतो, हे मान्य. पण मात्झो बॉल सूप, म्हणजे चिकनच्या रश्शात बेखमीर भाकरीच्या चुऱ्याचा मोठा गोळा, तो मला इथलाच आवडतो. गोळा चमच्यानं तुटला पाहिजे आणि रश्शात विरघळता कामा नये. इथे तो तसा असतो. वाढपी वयानं मोठे आहेत, थोडे दरडावून बोलतात. ‘एवढं मागवू नका, संपणार नाही,’ असं मला इथेच एकदा ऐकवलं होतं, आणि ते खरं निघालं. आपल्याकडे एखादी आत्या ज्या हक्कानं बोलते तसा तो सूर आहे. सवय नसेल तर टोचतो.

36व्या-37व्या रस्त्यांच्या दरम्यान थर्ड ॲव्हेन्यूवर सार्ज आहे. एका निवृत्त पोलीस सार्जंटनं 1964 मध्ये काढलेली. खाणं डेलीचं, बसण्याची तऱ्हा डायनरची : गुबगुबीत बाकडी, लांबलचक मेनू, निवांत गप्पा. रांगेत उभं राहणं तुम्हाला जमणार नसेल तर कॅट्झऐवजी इथे जा. तुमचं काही बिघडणार नाही.

मोठ्या नावांपैकी सेव्हन्थ ॲव्हेन्यूवरची कार्नेगी डेली आता नाही. 1937 पासून चालली, 31 डिसेंबर 2016 ला बंद झाली. तिची शेजारीण आणि प्रतिस्पर्धी स्टेज डेली 2012 मध्येच गेली. जुन्या याद्यांत ही नावं अजून दिसतात, म्हणून सांगितलं. या धंद्यात स्टेजसारखी जागा भाड्याची असेल तर टिकणं अवघड असतं. पास्ट्रामीचं गणित आधीच नाजूक, त्यात मॅनहॅटनचं भाडं.

आता वहिनींचं. मांसाच्या डेलीत शाकाहारी माणसाला निभावून नेता येतं, पण पोटभर आनंद मिळत नाही. बटाट्याचा निश, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली भाजलेली कचोरीच म्हणा, तो चालेल. पण विचारून घ्या, कारण कांदा कोंबडीच्या चरबीत परतलेला असू शकतो. बटाट्याच्या लाटक्यांबद्दलही, म्हणजे किसलेल्या बटाट्याच्या तळलेल्या चपट्या वड्यांबद्दलही, तेच. सूप जवळजवळ सगळी मांसाच्या रश्शातली. त्यामुळे माझा सल्ला असा : कॅट्झला तुम्ही आणि लेक जा, वहिनींनी बरोबर येऊन तो माहोल जरूर बघावा, पण जेवण मात्र त्यांचं दोन मिनिटांच्या अंतरावर ठेवा. हाउस्टन ओलांडली की पूर्व पहिल्या रस्त्यावर पंजाबी ग्रोसरी अँड डेली नावाचं एवढंसं दुकान आहे. नव्वदच्या दशकापासून तिथे टॅक्सीवाले उभ्यानं छोले-भात, सरसों का साग आणि चहा घेत आले आहेत. सगळं शाकाहारी, आणि कॅट्झच्या तुलनेत अगदी किरकोळ पैशांत. सेवा म्हणजे काय, तर बोट दाखवायचं, वाटी घ्यायची आणि बाजूला व्हायचं.

आणि त्याहून चांगलं : सेकंड ॲव्हेन्यूवर, सेंट मार्क्सजवळ, बी अँड एच डेअरी. 1938 पासूनची दुधाची कोशर खानावळ, म्हणजे मांस आत येतच नाही. मासे असतात, तेवढं लक्षात ठेवा. एक अरुंद बोळ, एका बाजूला काउंटर, मागे मोजकी टेबलं. मालक जोडपं म्हणजे इजिप्तहून आलेला मुसलमान नवरा आणि पोलंडची कॅथलिक बायको, आणि ती दोघं ज्यू धाटणीची खानावळ चालवतात. मार्च 2015 मध्ये त्याच रांगेत गॅसचा मोठा स्फोट झाला तेव्हा त्यांना महिनोन्‌महिने बंद ठेवावं लागलं. गिऱ्हाइकांनी पैसे गोळा केले आणि ऑगस्टमध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे बीटचं सूप किंवा मशरूम-बार्लीचं सूप घ्या, बरोबर त्यांचा घरचा खला, म्हणजे ज्यूंचा पारंपरिक मऊ पाव, जाडजूड कापून लोणी लावून येतो. वहिनींना मी सगळ्या न्यूयॉर्कमध्ये एकच ठिकाण सांगायचं झालं तर हेच सांगेन. काउंटरपलीकडचा माणूस तुमच्यासमोर पाव कापतो, तुमच्यासमोर ब्लिंट्झ, म्हणजे सारण भरलेली पातळ धिरडी, भाजतो. लपवायला तिथे जागाच नाही. स्वयंपाकी म्हणून मला त्याचं फार मोल वाटतं.

माशांच्या दुकानांविषयी थोडक्यात. हाउस्टनवरच 1914 पासूनचं रस अँड डॉटर्स, आणि वर ॲमस्टरडॅम ॲव्हेन्यूवर 1908 सालापासूनचं बार्नी ग्रीनग्रास. पहिल्यात आत गेल्या गेल्या नंबराचा कागद घ्यायचा असतो, नाहीतर तासभर नुसते उभे राहाल. सामन इतका पातळ कापतात की खाली ठेवलेलं वर्तमानपत्र वाचता यावं. मासेखाऊ असाल तर तुम्हाला पास्ट्रामीपेक्षा हेच जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे.

आता डायनर, आणि इथे माझा जीव जास्त गुंतलेला आहे.

डायनरचा वंश 1872 पर्यंत मागे जातो. ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला वॉल्टर स्कॉट नावाच्या माणसानं घोडागाडीतून रात्रपाळीच्या लोकांना खाणं विकायला सुरुवात केली. पुढे रेल्वेच्या डब्यासारखी आख्खी उपाहारगृहं कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवण्याचा धंदा झाला, आणि त्याचं माहेर न्यू जर्सी. न्यूयॉर्क शहरातली डायनर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः ग्रीक कुटुंबांच्या हातात आली. मुंबईच्या इराण्यांशी मला फार साम्य दिसतं. परक्या देशात आलेली कुटुंबं, कोपऱ्यावरची जागा, पहाटेपासूनचा चहा-कॉफीचा रतीब, आणि कुणीही कितीही वेळ बसावं अशी मोकळीक. पुढच्या पिढीनं डॉक्टर-वकील व्हायचं ठरवलं, तेही तसंच. शहरात जिकडेतिकडे दिसणारा निळ्या-पांढऱ्या ग्रीक नक्षीचा कागदी कॉफीकप 1963 मध्ये लेस्ली बक यांनी याच ग्रीक मालकांना विकण्यासाठी काढला. ते स्वतः नाझी छळछावणीतून वाचून आलेले ज्यू होते. डेलीवाल्यांच्या आणि डायनरवाल्यांच्या न्यूयॉर्कची गाठ मला त्या कपात दिसते.

डायनरचा मेनू दहा-बारा पानांचा असतो. त्याला भुलू नका. लॉबस्टरपासून लझानियापर्यंत सगळं लिहिलेलं असतं, आणि त्यातलं बरंच फ्रीझरमधून येतं. डायनर जोखायचं तर दोन अंडी ‘ओव्हर ईझी’, होम फ्राईज, राईचा टोस्ट आणि कॉफी मागवा. ओव्हर ईझी म्हणजे अंडं उलटायचं, पण बलक वाहता राहिला पाहिजे. पांढऱ्याच्या कडा तपकिरी जाळीदार झाल्या, तर तवा जास्त तापलेला आहे. पांढरं वरून चिकट राहिलं, तर स्वयंपाक्यानं घाई केली. चांगल्या तव्याला गरम, मध्यम आणि मंद असे तीन पट्टे असतात, आणि अंडं मंदावर करायचं असतं. रविवारी सकाळी अकरा वाजता पन्नास ऑर्डरी लटकलेल्या असताना ते मंदावर ठेवायला धीर लागतो. होम फ्राईज म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, कांदा आणि पाप्रिका घालून तव्यावर परतलेल्या. सकाळी सहाला केलेला ढीग दुपारी दोनपर्यंत वाफेच्या भांड्यात ठेवला की तो लगदा होतो. फोडींना एका बाजूला तरी खरपूस सोनेरी कड हवी. ती नसेल तर त्या जागी कुणी तव्याकडे लक्ष देत नाही, असं खुशाल समजा.

वहिनींसाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे, आणि ती मी माझ्या चुकीतून शिकले. डायनरमध्ये बेकन आणि अंडी एकाच तव्यावर होतात. मी नवी असताना न्यू जर्सीतल्या आमच्या डायनरमध्ये एक मराठी कुटुंब आलं. बरोबर आजी होत्या. वेट्रेसनं चिठ्ठीवर लिहिलं, ‘मांस नको’. मी बेकन काढून तवा खरवडला आणि तिथेच आजींचं ऑम्लेट टाकलं. आजींनी पहिला घास तोंडाजवळ नेला आणि बशी बाजूला सारली. वासावरून त्यांना कळलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता टोस्ट खाऊन उठल्या. मी आतून बघत होते. तेव्हापासून मी एक पॅन कायम वेगळा ठेवला, आणि ज्यांना शिकवते त्यांनाही ठेवायला लावते. तुम्ही ऑर्डर देताना ‘नो मीट’ एवढ्यावर थांबू नका. ‘वेगळ्या पॅनमध्ये, तव्यावर नको,’ असं स्पष्ट सांगा. सकाळी आठच्या आधी किंवा दुपारी दोननंतर गेलात तर कुणीही आनंदानं करून देईल. गर्दीच्या वेळी शंका असेल तर पाण्यात पोच केलेली अंडी मागवा, ती तव्याला शिवत नाहीत. होम फ्राईज आणि पॅनकेक त्याच तव्यावरचे असतात, आणि फ्रेंच फ्राईजच्या तेलात चिकनही तळलं जातं. ग्रीक डायनरमधली स्पानाकोपिटा, म्हणजे पालक आणि फेटा चीज भरलेला पापुद्र्यांचा पाय, ती ओव्हनमधली असते. ती, ग्रीक सॅलड आणि शेवटी दालचिनी भुरभुरवलेली राइस पुडिंग, म्हणजे थंड तांदळाची खीरच, एवढं मिळालं तर वहिनी नक्की खूश होतील.

डायनरची सेवा जोखायची ती कॉफीच्या कपावरून. कप अर्धा झाला की न विचारता भरला जातो का? चांगल्या वेट्रेसची नजर हॉलवरून सतत फिरत असते. तुम्ही मान वर करायच्या आत ती आलेली असते. ती तुम्हाला ‘हनी’ म्हणेल, बिल टेबलावर उपडं ठेवेल. बिल लवकर ठेवलं याचा अर्थ ‘उठा’ असा नाही. इथे तो सोयीचा भाग आहे, कारण बरेच लोक घाईत असतात. आपल्याकडच्या माणसांना तो अपमान वाटतो आणि मग तसं लिहिलं जातं. तुम्ही बसा, आणखी कॉफी मागा, ती हसत ओतेल. अंडी चुकीची आली तर लगेच सांगा. दोन मिनिटांत बदलून मिळतात आणि कुणाला राग येत नाही. निम्मी खाऊन मग सांगितलंत, तर मात्र आत कुरकुर होते.

टिपेबद्दल संकोच न करता सांगते, कारण सेवेचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे. 2025 साली न्यूयॉर्क शहरातलं किमान वेतन तासाला 16.50 डॉलर होतं. पण टीप मिळणाऱ्या वाढप्याला मालकानं रोख 11 डॉलर दिले तरी कायद्याला चालत होतं. उरलेले साडेपाच टिपेतून यायचे. म्हणजे तुमची टीप ही बक्षिसी नसून त्या बाईच्या पगाराचा भाग आहे. सोपा हिशेब : बिलावर 8.875 टक्के विक्रीकर लागतो, त्याची दुप्पट ठेवा. थोडी वाढवून 20 टक्के केलीत तर उत्तमच. डेलीच्या काउंटरवर एक-दोन डॉलर पुरेत. कोपऱ्यावरच्या डेलीत टीप नाही दिली तरी चालते.

त्या कोपऱ्यावरच्या डेलीबद्दल एवढंच : लेकीला विचारा, तिची ठरलेली एक असेलच. बऱ्याच आता येमेनी लोकांच्या आहेत. 2017 च्या फेब्रुवारीत, येमेनसह काही मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांवर ट्रम्प यांनी घातलेल्या प्रवासबंदीच्या विरोधात त्यांनी शेकडो दुकानं एकाच दिवशी बंद ठेवली, तेव्हा शहराला कळलं की सकाळचं अंडं-चीजचं सॅंडविच कोण करून देतं. सकाळी आठला, रोलमध्ये गरम, फॉइलमध्ये गुंडाळलेलं, सहा-सात डॉलरच्या आसपास. तिथे सेवा म्हणजे वेग.

डायनरची नावं विचारलीत तर मॅनहॅटनमध्ये लेक्सिंग्टन आणि 83व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर लेक्सिंग्टन कॅंडी शॉप आहे, 1925 पासूनचं. कोका-कोलाचं सिरप पेल्यात ओतून वर सोडा मारून देतात. तिथे काउंटरच्या स्टुलावर बसून ‘एग क्रीम’ प्या. त्यात ना अंडं ना क्रीम, फक्त दूध, सोडा आणि चॉकलेट सिरप, त्यामुळे वहिनींनाही चालेल. फ्लॅटआयर्नजवळ एस अँड पी लंच आहे. जुन्या आयझेनबर्ग दुकानाच्या जागी 2022 मध्ये नव्या लोकांनी ते मूळच्या नावानं चालू केलं. तिथला ट्युना सॅंडविच घ्या. आणि एक दिवस पेन स्टेशनवरून गाडी पकडून न्यू जर्सीतल्या समिटला जा. स्टेशनच्या बाहेरच समिट डायनर आहे, डायनर बनवणाऱ्या ओ’माहोनी कंपनीचा जुना, खराखुरा डबा, आत लाकडी तावदानं आणि लांब काउंटर. शहरातल्या डायनरमध्ये जे हरवत चाललंय ते तिथे अजून दिसतं. ॲस्टोरियातलं नेपच्यून डायनर 2024 मध्ये गेलं, त्या जागी इमारत होणार. ग्रीक वस्तीतलं ते मोठं नाव होतं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

कुठेही शिरताना काचेवरचं अक्षर बघा. 2010 पासून शहराचा आरोग्य विभाग प्रत्येक उपाहारगृहाला ए, बी, सी देतो. तपासणीत 13 गुणांपर्यंत दोष असले तर ए, 27 पर्यंत बी. गुण जितके कमी तितकं बरं. गरम पदार्थ 140 अंश फॅरनहाइटच्या खाली ठेवले की गुण चढतात, म्हणून वाफेवर ठेवलेल्या पास्ट्रामीवर आम्ही दर थोड्या वेळानं थर्मामीटर लावतो. बी दिसलं तर लगेच मागे फिरू नका. जुन्या इमारतीतल्या चांगल्या जागांनाही कधी भिंतीच्या फटीवरून बी मिळतं. सी असेल तर मी स्वतः जात नाही.

सप्टेंबरात येताय म्हणून शेवटची एक सूचना. ज्यू नववर्ष रोश हशाना आणि त्या दिवसापासून दहाव्या दिवशीचा योम किपूरचा उपास सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. तारखा दर वर्षी हलतात, आपल्या सणांसारख्याच. त्या सणांच्या दिवशी बऱ्याच कोशर जागा बंद असतात, आणि उपास सोडण्याच्या आदल्या दिवशी रस अँड डॉटर्समध्ये पाय ठेवायला जागा नसते. तारखा लेकीकडून आधी काढून घ्या आणि सेकंड ॲव्हेन्यू डेलीचा बेत त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे ठेवा. कॅट्झला मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास जा. रांग नसते, पास्ट्रामी तेवढीच ताजी असते, आणि कटरला बशीत दुसरा तुकडा सरकवायला सवड असते.